धवला कुणाच्या नावाचा

वैशाखरे गावची माणसं अकराच्या एसटीने यायची होती. ती साडेनऊलाच जीपने आली, आणि बाईजाने सरिताशी भांडायला राखून ठेवलेला दीड तास वाया गेला.

सरिता आटगावहून पहिल्या गाडीने निघालेली. शहापूर, किन्हवली, सरळगाव असं बदलत बदलत कोंडपाड्याला पोचली, तेव्हा बाईजा पडवी सारवत होती. चुलतभावाची ही बायको एरवी ‘वन्सं, वन्सं’ करत पुढे यायची, हातातली पिशवी काढून घ्यायची. आज तिने मान वर केली नाही. शेणाचा हात गोल फिरवत ती जमिनीलाच म्हणाली, "आल्या नाटकवाल्या. पाय जपून टाका म्हणावं, वलं हाय."

"वहिनी, मी काय म्हणते—"

"मी बोल्ले काय तुमाला? मी सारवतंय."

तेवढ्यात जीपचा हॉर्न वाजला. बाईजाने ओल्या जमिनीकडे बघितलं, सरिताकडे बघितलं, आणि दोघींनी मिळून बाकडं कोरड्या बाजूला उचलून ठेवलं. उचलता उचलता बाईजा एवढंच पुटपुटली, "माज्या पोरीचं लगीन मोडलं ना, तर तुमची सगळी वह्या-बाडं मी चुलीत घालीन." मग पदराने हात पुसून ती पाहुण्यांना हसत सामोरी गेली. रंगभूमीवर सरिताने पुष्कळ नट्या बघितल्या होत्या, पण इतक्या झटक्यात चेहरा बदलणारी एकही नाही.

झालं होतं ते असं. बारा दिवसांपूर्वी कल्याणला स्पर्धेत सरिताच्या नाटकाचा प्रयोग झाला. तिसऱ्या अंकात लग्न होतं. नवरी झाली होती भूमिका, बाईजाची एकवीस वर्षांची मुलगी. नवरा झाला होता रत्नदीप, सरिताच्या मामाचा मुलगा, शहापूरच्या शाळेतला मास्तर, दोन पोरींचा बाप. आणि लग्नात धवला गायला उभी राहिली ती कुणी नटी नव्हे, हौसा. भूमिकाच्या आज्याची बहीण, सरिताची आत्या, आणि आसपासच्या पंधरा गावांची धवलारीण.

इकडे लग्नात भटजी उशिरा येतो आणि लवकर जातो. लग्न लावते ती धवलारीण. ती देवांना बोलावते, पितरांना बोलावते, नवरा-नवरीचं नाव घेते, आणि सूर धरून त्यांना एकमेकांच्या हाती देते. ती गाईपर्यंत हळद ही नुसती हळद असते. एकदा गायली की मोडता येत नाही.

हौसा नाटकात आली तीही ठरवून नव्हे. डोळे दाखवायला शहापूरला गेली होती, वेळ होता म्हणून तालमीला येऊन बसली. कल्याणची एक गोड गळ्याची मुलगी पेटीवर धवला म्हणत होती. हौसाने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "गो, आवाज तुझा चांगला हाय. पण ह्या आवाजाला देव कशाला येतील? ह्या आवाजाला टाळ्या येतील." मुलीला ती स्तुतीच वाटली. सरिताला मात्र रात्रभर झोप आली नाही आणि दुसऱ्या रविवारी ती आत्याच्या पाया पडायला कोंडपाड्याला हजर झाली.

तिथून पुढे सगळं खरं होत गेलं. सामान बघणाऱ्या पोराने प्लास्टिकचा नारळ आणला होता, हौसा म्हणाली, खोट्या नारळावर मी तोंड उघडत नाय. खरा नारळ आला. विजेची समई गेली, तेलाची आली. हळद बाईजाने घरी कांडून दिली. ती स्वतः, आपल्या हाताने, हौसेने. आणि मधेच सोडलेला धवला अपशकुनाचा, म्हणून आठ मिनिटांचा प्रवेश एकोणीस मिनिटं चालला.

नाटक पहिलं आलं. आठ फेब्रुवारीला मुंबईला अंतिम फेरी. आणि कल्याणनंतर चौथ्या दिवशी वैशाखऱ्यात, जिथे भूमिकाचा साखरपुडा झाला होता, बातमी पोचली: पोरीला हळद लागली, धवला झाला, अख्खा झाला, आपल्या अक्षयशी नाय झाला.

*

बाकड्यावर अक्षयचा मामा कान्हा बसला. शेजारी मंगळू, वैशाखऱ्याचाच, कल्याणला नोकरी करणारा. बातमी नेणारा तोच. खांबाला पाठ टेकून धाऊ बसला होता, चौऱ्याहत्तर वर्षांचा, घरातला मोठा. मुलगा ज्ञानेश्वर एसटीत ड्रायव्हर, त्याला रजा मिळाली नव्हती, त्यामुळे मुलीच्या बापाचं बोलणंही म्हाताऱ्यावर आलं होतं. आतल्या दाराच्या उंबऱ्याशी हौसा वालाच्या शेंगा सोलत बसली होती, जणू बैठक शेंगांसाठीच भरली आहे.

भूमिकाने चहा दिला. कान्हाने बशीत ओतला, फुंकला, चांगला म्हणाला. वालाचं पीक कसं, विचारलं. सरळगावच्या रस्त्याचं खोदकाम कधी संपतंय, विचारलं. मग बशी खाली ठेवली.

"धाऊबाबा, पोरीत खोट नाय. तुमच्या घरात खोट नाय. आमी तोडायला नाय आलो. पन धवला झालाय."

"नाटक व्हतं ते, मामा!" बाईजा म्हणाली. "नाटकात माणूस मरतो तो काय मरतो? ह्याच नाटकात पयल्या अंकात एक म्हातारा मेला, तो मागून आमच्या जीपमंदी बसून वडापाव खात व्हता."

"मरण्याचं येगळं," कान्हा म्हणाला. "मंगळू, सांग."

मंगळूने टोपी सारखी केली. "मी पयला अंक नाय बघितला. दुसऱ्यात जरा डोळा लागला. पन तिसऱ्यात हौसाबाय उठली ना, माझ्या मागं एक माणूस सारखा खोकत व्हता, तो गप झाला. आन् मी टोपी काढली. मंग माझं मलाच वाटलं, अरे, नाटकात टोपी कोण काढतो? म्हंजे हे नाटक नव्हं."

सरिताच्या मनात आलं, परीक्षकांनी दोन पानी अभिप्राय लिहिला होता, त्यात इतकं नेमकं एक वाक्य नव्हतं.

बावीस वर्षं ती नाटकं लिहीत होती. वाढली अंबरनाथला, कारखान्याच्या लाइनीतल्या खोलीत. बाहेर शहर आणि घरात वडिलांचं कोंडपाड्याचं बोलणं. शाळेत ‘नाय’ म्हटलं की बाई पट्टी उगारायच्या. म्हणून पहिलं नाटक तिने गणपतीसाठी लिहिलं ते अतिशुद्ध. त्यातला शेतकरी बैलाला ‘परंतु’ म्हणायचा. लोक एकेक करून उठून गेले, शेवटी गणपती तेवढा राहिला, कारण तो बसवलेला होता. दुसरं नाटक तिने वडिलांच्या बोलीत लिहिलं आणि तेव्हापासून ती बोली सोडली नाही. शहापूरला तालुक्याच्या कचेरीत कारकुनी, वर्षाच्या सगळ्या रजा तालमींना. चौदा एकांकिका झाल्या. सत्त्याण्णव साली दादरच्या एका दिग्दर्शकाने त्यातली एक उचलली. ही नटूनथटून प्रयोगाला गेली, तर तिची माणसं धोतरं खोचून वेड्यासारख्या उड्या मारत होती, आणि प्रेक्षक हसत होते ते तिच्या विनोदांना नव्हे, ‘हाय’ला आणि ‘व्हता’ला. त्या दिवसापासून तिने आपलं नाटक परक्याच्या हाती दिलं नाही. लिहायचं आपण, बसवायचं आपण, वेळ पडली तर पडदाही आपणच ओढायचा. अंतिम फेरी मात्र कधी बघितली नव्हती. ती आता, चाळिशीत.

"दोन मार्ग हायत," कान्हा म्हणाला. "एक म्हंजे हौसाबायनं पाच माणसांत सांगावं, का ते खोटं गायलं. लबाडीनं गायलं. मंग आमचं काय म्हणणं नाय, वैशाखात लगीन लावू."

दुसरा मार्ग त्याने सांगितला नाही. तो सगळ्यांना कळला.

सरिताने आत्याकडे बघितलं. धवलारीण लबाडीनं गायली असं एकदा पाच जणांत झालं की पुढच्या उन्हाळ्यात तिला कोण बोलावणार? नवरा गेल्यावर रिकाम्या हाताने माहेरी परत आलेली बाई, चाळीस वर्षं ह्या एका तोंडावर मानाने राहिलेली. हौसा शेंगा सोलत होती. सालं एका बाजूला, दाणे एका बाजूला.

"मी नाटक मागे घेते," सरिता म्हणाली. घाबरली की तिची भाषा शुद्ध व्हायची. "अंतिम फेरीला जात नाही. तसं पत्र आजच पाठवते."

"त्यानं काय व्हतंय?" कान्हा म्हणाला. "दूध सांडलं, आता भांडं उपडं करून काय?" मग जरा थांबून, आवाज उतरवून, "आन् नवरा झालेला पोरगा कोण, तेपन आमाला कळलं."

पडवीत हवा बदलली. रत्नदीप बौद्धवाड्यातला, हे कान्हाला बोलायचं होतं आणि बोलायचं नव्हतं. सरिताचे कान तापले. पण तिच्या आधी बाईजाच उसळली.

"कोण म्हंजे? मास्तर हाय तो! माज्या पोरीला दोन महिने ताई ताई करून बोलायला शिकवलान् त्यानं. त्याची बायको रश्मी समोर बसून टाळ्या वाजवत व्हती, दोन पोरी मांडीवर घेऊन. तिला नाय वाटलं आपला नवरा गेला, आन् तुमाला वाटलं?"

"बाय, मी तसं नाय बोल्लो—"

"तसंच बोल्लात. वन्सं," ती सरिताकडे वळली, सकाळपासून पहिल्यांदा, "बसल्यात काय गप? एवढी पानंच्या पानं लिवता, आता चार शब्द बोला की!"

चार शब्द बोला म्हणताच सरिताला सुटका दिसली. तिसऱ्या अंकात अडकलेल्या माणसांना वाट काढून देणं हेच तर तिचं काम.

"मामा, धवल्यात नावं घ्यावी लागतात, खरं ना?"

"घ्यावीच लागतात."

"नवरा-नवरीची. भूमिकाचं नाव त्या धवल्यात नव्हतंच. नाटकातल्या नवऱ्याचं नाव सोनू, नवरीचं गंगी. मीच ठेवलेली नावं. अशी माणसं जगात नाहीत, कागदावर आहेत. आत्याने सोनू आणि गंगीचं लग्न लावलं. ती खोटं गायली नाही, आणि भूमिकाचं लग्नही लागलं नाही."

कान्हाने मान हलवली. मंगळूने कान्हाकडे बघून मान हलवली. बाईजा इतकी खूश झाली की आत जाऊन पुन्हा चहा टाकायला निघाली.

"खरं का, हौसाबाय?" कान्हाने विचारलं.

"नाय," हौसा म्हणाली.

बाईजा होती तिथे थांबली.

"आत्याबाय!"

"नाय म्हंजे नाय. सोनू आन् गंगी मी घेतलंच नाय. नसलेल्या माणसांची नावं देवाला सांगू? तो बिचारा शोधत बसल ना गावोगाव." तिने सूप मांडीवरून खाली ठेवलं. "मी खरी नावं घेतली."

"भूमिकाचं?" बाईजाचा आवाज चिरका झाला.

"भूमिका ही भूमिका. तिचं कशाला घेऊ? तिचं वैशाखात घ्यायचंय."

"मग कुणाचं, आत्या?" सरिताने विचारलं. विचारताना तिला लाज वाटली. त्या प्रवेशाच्या वेळी ती विंगेतच होती, आत्यापासून दहा पावलांवर. पण तिच्या हातात घड्याळ होतं. वेळ उलटून चालली होती, गुण कापले जाणार होते, आणि आपल्याच नाटकातला सगळ्यात मोठा क्षण तिने मिनिटं मोजत घालवला होता. ढोल वाजत होता. नावं तिने ऐकलीच नव्हती.

"दादाला विचार," हौसा म्हणाली. "तो पयल्या रांगेत व्हता."

सगळे धाऊकडे वळले. धाऊने टोपी काढली, परत घातली.

"मी बिडी वढायला भायेर गेल्तो."

"कवा गेल्तास? नावाच्या आदी का मागून?"

"आता एवढं काय ध्यानात..."

"मागून गेलास. नाव ऐकलंस आन् उठलास. पायावर पाय देत गेलास लोकांच्या. मी गात व्हते, पन डोळे माजे उघडे व्हते, दादा. मोतीबिंदू झालाय, आंधळी नाय झाले."

अंगणात कोंबडी पिलांना घेऊन फिरत होती, धाऊ तिच्याकडे बघत राहिला. कान्हाने खाकरून घेतलं. अशा वेळी पाहुण्याने बोलावं की न बोलावं, हे त्यालाही कळेना.

भूमिका आतून आली आणि आज्यासमोर जमिनीवर बसली. सारवण अजून ओलं होतं, तिच्या साडीला लागलं.

"आजा, माजं लगीन हाय," ती म्हणाली. "आन् हौसाआजीचं तोंड हाय. तू जे ऐकलंस ते बोल."

म्हाताऱ्याचे ओठ हलले. मग आवाज आला. "नामा."

नामा, धाऊचा धाकटा भाऊ. सरिताचा बाप. जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"नामा," हौसा म्हणाली. "आन्?"

"आन् ती."

"ती कोण? देवाला मी ‘ती’ नाय सांगितलं."

सरिता ह्या घरात पाच वर्षांची असल्यापासून येत होती. मे महिन्यात वडील आणून सोडायचे, आई कधी आली नाही. इथे आईला नाव नव्हतं. ‘तुजी आई’ होती, ‘अंबरनाथवाली’ होती, बहुतेक वेळा नुसती मान हलवून दाखवलेली दिशा होती. एकसष्ट साली नामाने तिच्याशी लग्न केलं, तिच्या घराने बौद्ध धम्म घेतला त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. त्या लग्नाला ह्या घरातून एकही माणूस गेलं नव्हतं. बेचाळीस वर्षं सोयरीक जुळवताना घरची माणसं पाहुण्यांना एवढंच सांगत आली होती की नामाने तिकडेच केलं, कारखान्याकडे.

सरिताने नाटक लिहिलं ते त्या दोघांवर. पण लिहिताना तिनेही नवरीला ‘ओढ्यापलीकडची’ केलं होतं. का, म्हणून रत्नदीपने विचारलं होतं. भूमिका पलीकडची झाली, मी अलीकडचा झालो, मग पलीकडे काय आहे ते एकदा बोल ना. तिने विषय बदलला होता.

"शालन," धाऊ म्हणाला. मग मोठ्याने, कान्हाकडे बघून, "पाव्हनं, माज्या भावाची बायको. शालन तिचं नाव. बौद्धवाड्यातली. हौसानं त्या दोघांचा धवला गायला. माज्या नातीचा नाय गायला. मी कानांनी ऐकलंय, आन् आता तुमाला काय करायचं ते करा."

बाईजाने पदर तोंडाशी नेला. एक अडचण सुटली होती आणि तिच्या मागून चाळीस वर्षं झाकलेली दुसरी येऊन पडवीत बसली होती. भूमिका हलली नाही. सरिताला वाटलं, उठावं आणि सगळ्यांच्या मधे उभं राहावं, पण उभं राहून काय करायचं ते कळेना. चौदा एकांकिका लिहिलेल्या बाईला एक वाक्य सापडेना.

कान्हा बशीकडे बघत होता.

मंगळू म्हणाला, "ते वैशाखऱ्यात सगळ्यांना ठावं हाय."

"काय?" धाऊ म्हणाला.

"हेच. नामाशेठचं. माजी आई सांगायची. टोकावड्यापावतर ठावं हाय."

धाऊने कान्हाकडे बघितलं. कान्हा अवघडला. "ठावं व्हतं, बाबा. साखरपुड्याच्या आदीपासून. तुमी कवा बोल्लात नाय, म्हणून आमीपन नाय बोल्लो. म्हंटलं, माणूस झाकतोय, आपुन कशाला..." त्याने हाताने काहीतरी उचलल्यासारखं केलं आणि परत ठेवलं. "मगाशी पोराबद्दल बोल्लो, ते बोलायला नको व्हतं. जिभंला हाड नसतं ना."

"बेचाळीस वरसं," धाऊ म्हणाला. एवढंच.

बाईजाला आधी हसू फुटलं. मग तिला आवरेना. पदरात तोंड खुपसून ती आत पळाली आणि आतून तिचा हसण्याचा की रडण्याचा आवाज येत राहिला, भांड्यांच्या आवाजात मिसळून.

"मंग भूमिकाचं कोरं हाय?" कान्हाने शेवटचं म्हणून विचारलं.

"कोरं हाय," हौसा म्हणाली. "माज्या तोंडाची आण."

"तुमीच याल ना गायला? तुमी आलात तर अक्षयची आई गप र्‍हाईल."

"नारळ खरा आणा."

*

पाहुणे जेवूनच जाणार होते. मंगळू आणि कान्हा वालाचं शेत बघायला गेले. सरिता आत्याशेजारी उंबऱ्यावर बसली आणि एक शेंग उचलून सोलू लागली. तिला राग आला होता, आणि कशाचा ते नीट सांगता येत नव्हतं.

"आत्या, आईचं लग्न झालं होतं. विहारात. पांडूमामाने लावलं, फोटो आहे. पांढरी साडी, हातात मेणबत्ती. तिला कुणाच्या धवल्याची गरज नव्हती. जिवंत असती तर हसली असती तुला."

"हसली असती," हौसा म्हणाली. "माज्यावर लई हसायची ती. मी चोरून यायचे ना अंबरनाथला, वहिनी म्हणायची, आल्या बाई घरचा पोलीस चुकवून." तिने सालं बाजूला सारली. "तिच्यासाठी नाय गायले गो. तिचं झालेलं. राहिलं व्हतं ते आमचं."

सरिताच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग तिने विचारलं, "मुंबईला आठ तारखेला..."

"नाय."

"आत्या, एकदाच."

"एका जोडीला एकदाच गातात. तेच सांगतेय. आता परत गायले तर ते नाटक व्हईल."

आतून बाईजाने डोकं बाहेर काढलं. आता ती पूर्ण नाटकाच्या पक्षात गेली होती. "गा ना वो आत्याबाय! मुंबईला कोण येतंय बघायला? वैशाखऱ्याची माणसं दादरला चुकतात!"

"बाईजे, तुजी आमटी बघ."

म्हणजे तिसरा अंक गेला. अठरा दिवसांवर अंतिम फेरी, आणि ज्या एका प्रवेशाने नाटक तिथवर पोचलं तोच हातात नाही. कल्याणच्या मुलीला परत बोलावता आलं असतं. टाळ्याही आल्या असत्या. सरिताने तो विचार करून बघितला आणि तिला दादरच्या प्रयोगातल्या धोतर खोचलेल्या माणसांची आठवण झाली. बावीस वर्षं लिहून एकदा शेवटच्या फेरीला जायचं, आणि जाताना नाटकाचं काळीज घरी ठेवून जायचं. तिचे डोळे भरून आले. तिने ते वालाच्या उग्र वासावर ढकललं.

"तुज्या नाटकात मोठा भाऊ कुऱ्हाड घेतो," धाऊ म्हणाला.

तो अजून खांबालाच टेकून होता. तिला वाटलं होतं त्याचा डोळा लागला.

"हो," ती म्हणाली. "दुसऱ्या अंकाच्या शेवटी."

"मी कुऱ्हाड नव्हती घेतली."

"नाटकात लागतं, काका, तसं काहीतरी."

"लई वरडतोपन तो."

"हो."

"मी वरडलोपन नाय." तो अंगणाकडेच बघून बोलत होता. "आई निगाली व्हती. अंबरनाथला. आपली आईच धवलारीण तवा, हिला तिनंच शिकवलं. सकाळी न्हाऊन बसली, हळद लावलेलं तांदूळ फडक्यात बांधलं. बोल्ली, पोराचं लगीन हाय, मी गाऊन येते. मी काय नाय बोल्लो. ती लुगडं बदलायला आत गेली, आन् मी दाराला कडी घातली. भायेरून. आन् हितंच बसलो, हाच खांब."

हौसाचे हात थांबले.

"हे लिव्ह," धाऊ म्हणाला. "कुऱ्हाड काढ ती. मला ती बघवली नाय. कोण दुसराच माणूस वाटला."

सरिताच्या पिशवीत वही होती. ती तिने काढली नाही. काढली असती तर तो गप्प झाला असता, एवढं तिला माणसांचं कळत होतं. तिने फक्त तालमीत विचारते तसं विचारलं, हळू, "आत आजी काय करत होती?"

"काय नाय. दार नाय ठोकलं. रडली नाय."

"बोलली?"

"एकदाच बोल्ली. उन्हं डोक्यावर आली तवा. बोल्ली, धाऊ, मला नको सोडू. तांदूळ तरी पोचते कर."

"मग?"

म्हाताऱ्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि तळव्यांकडे बघितलं.

"सांजंला ते तांदूळ आमी शिजवून खाल्ले," तो म्हणाला. "पिवळा भात झाल्ता."

"मीपन खाल्ला," हौसा म्हणाली.